बायडाबाईच्या रक्तातली अदलाबदल

चांदीकामाच्या हुपरीत पैंजणाला घुंगरू लावावं तर बायडाबाईनं, आणि जीभ चालवावी तीही तिनंच. नवरा गेल्यावर सगळं घर तिच्याच शब्दावर चाललं. पोरगा राजवीर, त्याची बायको संयोगिता. संयोगिताचा गर्भ तिसऱ्यांदा गेला, तेव्हा बायडाबाईनं खणानारळानं तिची ओटी भरली आणि स्वतः जाऊन तिला नेसरीला माहेरी सोडून आली. "पोरगी गुणाची हाय, पर कूस धड न्हाय," म्हणाली. झालं, संसार मोडला! आता संयोगिताचं दुसरं लग्न झालंय, दोन गुटगुटीत पोरं आहेत तिला.

दुसरी सून स्नेहल. तिचेही दोन गर्भ गेले. तेव्हा कुठं कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासायला लावलं. स्नेहलमध्ये काहीच नाही. निघालं ते राजवीरच्या गुणसूत्रांत. मग त्याच्या आईचं रक्त घेतलं, तर तिच्यातही तेच!

"माझ्यात? अवो, मी टनाटन हाय की!" बायडाबाई कडाडली.

"आहातच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटलेत. कमी काही नाही, जास्त काही नाही, म्हणून तुम्ही धडधाकट. पण बाळाला निम्मंच जातं ना, तेव्हा एखादा तुकडा कमी पडतो, एखादा जास्त होतो. असा गर्भ बहुतेक टिकत नाही. यात दोष कुणाचाच नाही, आणि याला औषधही नाही. मुलगी आहे का तुम्हाला? तिच्यातही असू शकतं."

मुलगी होती की! तेजस्वी, शाहूवाडीला दिलेली. मागच्याच महिन्यात तिचा दुसरा गर्भ गेला होता, आणि तिच्या सासूनं टोमणे मारायला सुरुवात केली होती.

बायडाबाईपुढं पेच पडला. सांगावं तर त्या सासूच्या हातात आयतं कोलीत. न सांगावं तर पोरीनं आंधळ्यासारखं सोसत राहायचं. शेवटी घरी येऊन तिनं फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तेजस्वी हळूच म्हणाली, "तपासून घेते मी. पर आई, माझ्यात निघालं तर सासूबाईस्नी सांगू का? तू बी सासूच हायस की. तू काय केलं असतंस?"

बायडाबाईला संयोगिता आठवली. काय केलं असतं ते तिनं केलंच होतं.

"आई, ऐकतीयास न्हवं?" तेजस्वी विचारत राहिली.