फोटोतली मिशी

आमच्या बियाणं कंपनीत कार्ड छापायचं यंत्र आलं तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवीन जालन्यात तोवर कोणत्याही फाटकातून आत जायला चेहरा पुरायचा. पण पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरसाहेबांची खात्री होती की दुसऱ्या कंपन्यांची माणसं मजूर बनून आत शिरतात आणि कपाशीचे वाण खिशात घालून नेतात. मूठभर सरकीसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार, हे विचारायची आमची छाती नव्हती. कार्ड छापायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर नीट बंद कसा करायचा हे ऑफिसात मला एकट्याला येत होतं.

यंत्र भारी होतं. एकीकडून कोरं प्लास्टिक घातलं की दुसरीकडून रंगीत फोटोचं कार्ड तव्यावरच्या पापडासारखं गरमागरम बाहेर पडायचं. पहिलं कार्ड मी माझंच छापलं. झुपकेदार मिशी, तेल लावून पाडलेला भांग. बायको बघून म्हणाली, "लग्नात बी एवढे बरे दिसले न्हाईत." खंडेनवमीला शिपायानं यंत्रावर झेंडू वाहिला, त्याची पाकळी आत गेली आणि दोन दिवस छापलेल्या प्रत्येक फोटोत कपाळावर पांढरा ठिपका उमटत राहिला.

खरी पंचाईत झाली ती फाटकावरच्या वॉचमनची. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वीस वर्षं त्यांनी माणसं नुसत्या चालीवरून ओळखली होती. आता हुकूम असा, की फोटो आणि चेहरा जुळवायचा, जुळला नाही तर परत पाठवायचं. मामांनी जुन्या सवयीनं दोनदा ओळखीच्या माणसांना तसंच सोडलं आणि दोन्ही वेळा सापडले. "तिसऱ्यांदा चुकलात तर घरी बसा," असं साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. मामांच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. आता ते सकाळी आरशात बघून स्वतःचंही कार्ड जुळवतात, अशी आम्ही चेष्टा करायचो.

त्याच हिवाळ्यात माझे वडील गेले. आमच्या गावी, अंबडला, मातीला मामा आले होते. वडिलांचे ते जुने सोबती, खांदाही दिला त्यांनी. दहाव्याला मी रिवाजाप्रमाणे डोकं भादरलं, मिशी उतरवली. चौदाव्या दिवशी सकाळच्या एसटीनं येऊन फाटकावर उभा राहिलो. हंगाम जोरात होता. नव्यानं लागलेल्या तीसेक बाया कार्डासाठी फाटकाबाहेर ताटकळत बसल्या होत्या. मी आत जाऊन यंत्र चालू केल्याशिवाय त्यांना काम मिळणार नव्हतं.

मामांनी माझं कार्ड घेतलं. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"भाऊ, जुळत न्हाई."

"मामा, अहो मी!"

"मला म्हाईत न्हाई का? तुमच्या बापाला खांदा दिल्ता मी. पण फोटूत मिशी हाय, तुमाला न्हाई. साहेब आत्ता येऊन राह्यलेत."

"मग नवं कार्ड छापतो ना."

"छापा की."

"यंत्र आत आहे, मामा."

"मंग छापता कसं?" मामा खरोखरच विचारात पडले.

माझं डोकं तापलं. पण मामांचं उरलेलं दीड वर्ष आठवलं. मी हातातली पिशवी खाली ठेवली.

बायांमधली एक म्हातारी उठली. "मिशीच पायजे ना? मंग काढा की मिशी. अडलंय कुठं?" मामांच्या टेबलावर गेटपासच्या शिक्क्याचं शाईचं पॅड होतं. तिनं त्यात बोट बुडवलं आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या ओठावर चांगली रुंद जांभळी मिशी ओढली.

"आणि केस?" मी विचारलं.

मामांनी आपली टोपी माझ्या टकलावर चढवली. "केस आत हायेत असं धरतो."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मामा ताठ उभे राहिले आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "फोटो बराबर! चेहरा बिलकुल बराबर!"

साहेबांनी काच खाली केली. माझ्या तोंडाकडे सरळ बघून ते म्हणाले, "वडिलांचं कळलं. वाईट झालं." मग मामांकडे वळले, "असंच काटेकोर काम पाहिजे." आणि गाडी आत गेली. चेहरे जुळवायचा हुकूम काढणाऱ्या माणसाला जांभळी मिशी दिसली नव्हती.

बायांनी तोंडात पदर कोंबले. मलाही हसू फुटलं. मामांनी गमछ्याचं टोक माठात भिजवलं आणि माझा ओठ खसाखसा पुसायला लागले.

"तुमचा बाप असता तर पोट धरून हसला असता," ते म्हणाले.

तेरा दिवस भटजी, पाहुणे, किराणा यांच्या मागं पळताना मला रडायला सवड झाली नव्हती. ते सगळं तिथं, भर फाटकात, वर आलं. मी हमसून रडायला लागलो. शाई ओघळून शर्टावर यायला लागली. बायांनी तोंडातले पदर काढले. मला भयंकर लाज वाटली.

"मामा, आत जातो. लोक बघतायत."

"बघू द्या. रडायला कार्ड लागत न्हाई," मामा म्हणाले आणि साहेबांच्या ऑफिसच्या खिडकीच्या नि माझ्या मधे येऊन उभे राहिले.