गणपतची वाट आणि माझी साक्ष

गणपत गेल्याचा निरोप द्यायला त्याचा मुलगा रामदास स्वतः बुलडाण्याला आला. मी गेलो, खांदा दिला. लहानपणचा मित्र म्हणून लोकांनी माझंच सांत्वन केलं... तेव्हा तोंड उघडलं नाही. आज दीड महिन्यानं लिहितो आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. देऊळघाटला गणपतचा भाजीचा मळा माझ्या चुलत्यांच्या शेतापलीकडे होता आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याच्या बापापासूनची गाडीवाट होती. चुलत्यांना ती पट्टी पेरायची होती. एका सकाळी त्यांनी बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. वांग्यांची गाडी भरून बाजाराला निघालेला गणपत तिथे अडला. मी धुऱ्यावरच उभा होतो. गणपत उतरला आणि काट्या ओढू लागला.

"काऊन बे, कोनाले इचारून हात लावून राह्यला?" चुलते म्हणाले.

"तुमी कोनाले इचारून टाकल्या, तात्या? तुमच्या शेतातलं पान तोडत नाही मी. माही वाट तेवढी मोकळी करून राह्यलो."

त्यानं काट्या कडेला नीट रचल्या, कुणाला बोटही लावलं नाही आणि गाडी काढली.

चुलत्यांनी कुंपण मोडल्याचा दावा लावला; काट्या पंधरा दिवसांपूर्वीच टाकल्या होत्या, असं सांगितलं. गणपतच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं. वाट अडवली जात असतानाच माणसानं गरजेपुरता अडसर काढला, तर तो आपल्या हक्काचा बचाव. मुकाट बसून पंधरा दिवसांनी काढला, तर ती दांडगाई. म्हणजे काट्या कधी पडल्या, यावर सगळं आलं. तोडलेल्या बाभळीचा पाला दिवसभरात मलूल होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. कोर्टात गणपतच्या वकिलांनी मला विचारलं, "पाला हिरवा होता की वाळलेला?"

गणपत माझ्याकडे बघत होता, अगदी निश्चिंत. मला साक्षीला चुलत्यांनी नेलं होतं, आणि माझ्या बहिणीची सोयरीक त्यांच्या शब्दावर अडली होती.

"वाळलेला," मी म्हणालो.

पाला हिरवागार होता. त्यातली पिवळी फुलंही गळली नव्हती.

गणपत हरला. वाटेच्या हक्कासाठी वेगळा दावा लावा, असं त्याला सांगण्यात आलं. तो त्यानं कधीच लावला नाही. पुढची सारी वर्षं नाल्यातून वळसा घेत त्यानं भाजी डोक्यावर वाहिली. नाला भरला की टोपल्या मळ्यातच सडायच्या. बहिणीच्या लग्नात तो आला, पंगतीत वाढायला उभा राहिला. मला त्या साक्षीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. तो त्याचा मोठेपणा, असं मी धरून चाललो... तसं धरणं सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यात रामदासकडे गेलो. चुलत्यांची नातवंडं अजून वाट देत नाहीत. त्यानं तहसिलीत अर्ज केला आहे. मी म्हणालो, "खरं काय ते मी सांगतो. म्हणशील तिथं लिहून देतो."

गणपत बसायचा त्या ओसरीवरच्या खाटेवर रामदासनं मला बसवलं, आतून चहा मागवला.

"राहू द्या, काका," कप माझ्या हातात देत तो म्हणाला. "बाबानं सांगून ठेवलं हाय. तुमी आले त चहा द्याचा, मान द्याचा... पन साक्षीले तुमाले बलवाचं नाही."