टीव्ही आहे का घरात?

काही किस्से फ्रीजमधल्या डब्यांसारखे असतात. प्रत्येकीला वाटतं, दुसरीचा आहे. म्हणून कोणी टाकत नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर! परवा आमच्या भिशीत तसंच झालं. ज्योतीच्या मुलीने नुसतं विचारलं, "टीव्ही ठेवायची फी? फॉर वॉट, लाह?"

फॉर वॉट! (लाह म्हणजे आपलं 'गं' किंवा 'रे', इथे वाक्याच्या शेपटीला लावतातच.) पोरीला काय माहीत. सिंगापुरात तेव्हा घरात टीव्ही असला की दरवर्षी फी भरावी लागायची. तुम्ही बघा, नका बघू, नुसती त्यावर फुलदाणी ठेवा, फी लागू. आणि भरली का नाही ते बघायला दारात माणूस यायचा. गोष्ट रकमेची नव्हतीच. दुकानात रोख मोजून आणलेली वस्तू स्वतःच्या घरात ठेवायला पुन्हा परवानगी कसली? मी चौथी शिकलेली बाई. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आताही पटत नाही. शिकलेल्यांना पटलं होतं म्हणे. कसं पटलं होतं ते सांगतेच.

भिशीत बायका दहा-बारा, पण यात कामाच्या चौघीच. मी वुडलँड्सची, आमचे हे शिपयार्डात फोरमन. पुष्पा शेजारच्या ब्लॉकमधली (इथे ब्लॉक म्हणजे अख्खी इमारत), नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातला निम्मा काळ समुद्रात. ज्योती आमच्याच ब्लॉकमधली. आणि वृंदा मरीन परेडच्या कॉन्डोतली, नवरा तांजोंग पगारला बँकेत.

* * *

पहिला किस्सा माझाच. मी नवी नवी आले होते. दुपारी बेल वाजली. बाहेर गळ्यात कार्ड अडकवलेला माणूस, हातात फाइल. लोखंडी जाळीच्या दारातून मला म्हणतो, "आंटी, टीव्ही गॉट?"

आता मला सांगा, घरात टीव्ही आहे का, असं कोण विचारतं? चोरच विचारतो!

मी म्हटलं, "नो टीव्ही. नो फ्रीज. नो गोल्ड. नथिंग!"

तो म्हणाला, "आय ओन्ली आस्क टीव्ही."

तेवढ्यात आतून आमच्या ह्यांची आरोळी, "अगं शकू, आउट झाला! चल, बघ लवकर, पुन्हा दाखवतायत!"

माणसाने मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मी जाळीला पदर लावला. तो हसला, काहीतरी लिहिलं आणि गेला. रात्री मी ह्यांना म्हटलं, आता पोलीस येणार. तर हे गार! म्हणाले, "येऊ देत. फी मी जानेवारीतच भरली आहे."

मला सांगायचं नाही का मग? म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर भरू दिली असतीस?"

तेही खरंच.

* * *

पुष्पाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिने पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज टाकला होता. नवरा बोटीवर, मुलगी इथल्या शाळेत पहिलीत, गावाकडे परत जायचं तर दिराच्या दारात. तिला सिंगापूरच हवं होतं. आणि घरमालकिणीने फ्लॅटबरोबर दिलेला छोटा टीव्ही दोन वर्षं बिनफीचा चालू होता.

"भरून टाक की," मी म्हटलं.

"शकूताई, आता भरली तर विचारतील, दोन वर्षं काय करत होतीस? म्हणजे मीच जाऊन कबुली द्यायची. पीआरच्या फाइलीत लागलं तर?"

"फी वेगळ्या ऑफिसात, पीआर वेगळ्या ऑफिसात."

"इथे सगळी ऑफिसं एकमेकांशी बोलतात," पुष्पा म्हणाली. आवाज इतका बारीक, जणू पंख्यातून कोणी ऐकतंय. नवऱ्याला बोटीवर फोन केला, तर तो म्हणाला, "मी येईपर्यंत कशावर सही करू नकोस." आणि तो सप्टेंबरशिवाय येणार नव्हता!

तिने घरमालकिणीला गाठलं. टीव्ही तुमचा, फी तुम्ही भरा. ती चिनी बाई पक्की. म्हणाली, "यू वॉच, यू पे."

"आय नॉट वॉच," पुष्पा म्हणाली, आणि टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. शाळेत पोराला उभं करतात ना, तसं.

पुढच्या महिन्यात घरमालकीण भाडं न्यायला आली. टीव्हीकडे बघितलं. जवळ गेली आणि त्याच्या पाठीला हात लावला.

"व्हाय हॉट?"

पुष्पा म्हणाली, "सिंगापूर वेदर."

* * *

मग ज्योतीकडे फीवाला येऊन गेला. भिशी झाली शनिवारी आणि सोमवारी हा दारात! ज्योतीने दंड भरला आणि महिनाभर आमच्याशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं, भिशीतल्याच कोणीतरी कळवलं. वृंदाला वाटे पुष्पाने, पुष्पाला वाटे वृंदाने, आणि सगळ्यांना मिळून वाटे मी. कारण माझी भरलेली होती! ज्याची भरलेली त्याच्यावर संशय, असा न्याय.

त्यानंतर भिशीत टीव्ही हा शब्द कोणी काढीना. तेव्हा एक मालिका जोरात होती, सासूने सुनेला घराबाहेर काढलं होतं. सगळ्यांना सगळं माहीत, पण बघितलं कोणीच नाही!

"मला शेजारणीने सांगितलं, सून परत आली म्हणे."

"हो, माझ्याही कानावर आलं. हिरवी साडी नेसून आली."

"हिरवी कुठली, मोरपंखी," वृंदा म्हणाली आणि घाईघाईने जोडलं, "असं ऐकलं."

आणि आठ वाजले की चुळबुळ. एकीला गॅस चालू राहिल्याची शंका. दुसरीला नळ. तिसरीलाही गॅस. सव्वाआठला माझी खोली रिकामी! चिवडा तसाच.

आमचे हे आतून बाहेर आले, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाले, "सगळ्यांचा गॅस मालिकेच्या आधी पंधरा मिनिटंच कसा चालू राहतो गं?"

* * *

सगळेच चुकवत होते असं नाही हं. आमच्या समोरच्या दारातले चिनी अंकल पहिल्याच आठवड्यात काउंटरवर जाऊन फी भरायचे. पण मग सोडायचे नाहीत! पैसे भरलेत ना? मग सगळं बघणार. मलय नाटकं, तमिळ बातम्या, सगळं. एक शब्द कळत नसे.

एके संध्याकाळी मला दारातून हाक. "आंटी, कम. तो काय सांगतोय?"

"अंकल, ते तमिळ आहे. मी मराठी."

"सेम सेम, लाह."

किती समजावलं, ऐकेनात. शेवटी मी बसले आणि सांगितलं. मंत्री कुठेतरी गेले, पाऊस येणार, माशांचे भाव वाढले. अंकल मान हलवत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून आले ते तावातावाने.

"आंटी, फिश नॉट एक्स्पेन्सिव्ह! तुझ्या बातम्या खोट्या! एवढी फी घेतात आणि खोट्या बातम्या देतात!"

* * *

आता वृंदा. वृंदाने सुरुवातीपासून सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडे टीव्ही नाहीच. आम्ही वाचन करतो." तिच्या हॉलमध्ये भिंतभर कपाट, त्याला कुलूप. पुस्तकं आहेत म्हणायची. मी मनात म्हटलं, पुस्तकांना कुलूप? ती काय पळून जातात?

मग एका वर्षी सरकारने जाहीर केलं, फी बंद. आणि ज्यांनी त्या वर्षाची आधीच भरली, त्यांना परत देणार. कोणाचा विश्वास बसेना! ज्योती म्हणाली, हा सापळा आहे, कोण आनंदाने उड्या मारतं ते बघतायत. आमचे हे म्हणाले, दुसरं काहीतरी महाग करणार. कुठलं सरकार घेतलेलं परत देतं हो?

आणि वृंदाचा फोन. "शकूताई, तुमचे परत आले का?"

"काय?"

"टीव्हीच्या फीचे. आमचे अजून आले नाहीत."

मी म्हटलं, "वृंदा, तुमच्याकडे तर टीव्ही नाही!"

मग म्हणाली, "ते... वाचनाला जोड म्हणून."

बघा! सरकारपासून लपवायचा तर आम्ही लपवला. हिने सरकारला दाखवून आमच्यापासून लपवला.

* * *

आणि हा पुष्पाचा. तिला विचारूनच लिहिते. हा फी बंद होण्याच्या आधीचा, तिचा अर्ज अजून ऑफिसात पडून होता तेव्हाचा.

सकाळी दहाला तिचा फोन. रडतच. "शकूताई, फीवाले आमच्या ब्लॉकमध्ये आलेत. वरच्या मजल्यापासून एकेक दार करत खाली येतायत. माझा पीआर गेला!"

मी गेले तर ही टीव्ही मिठीत घेऊन हॉलमध्ये उभी. मी म्हटलं, रडणं बंद. आमच्या घरची फी भरलेली आहे, एका घरात टीव्ही एक असो नाहीतर चार, फी एकच. माझ्याकडे नेऊ. पण न्यायचा कसा? दोघींनी उचलून नेला तर सगळा ब्लॉक बघेल.

कॉरिडॉरमध्ये तिच्या मुलीची जुनी बाबागाडी होती. टीव्ही आत आडवा ठेवला. वर गोधडी. पुष्पाने कुठून तरी कुंची आणली आणि ती पण वरच्या बाजूला नीट घातली! मी म्हटलं, आता तीट लाव. तर ही खरंच काजळाची डबी घ्यायला निघाली! ओढून बाहेर काढली.

लिफ्ट आली. दार उघडलं, आत एक मलय बाई. डोक्याला स्कार्फ, गळ्यात कार्ड, हातात फाइल. मागे फिरावं तर संशय. आम्ही गाडी आत ढकलली. गाडी अशी करकरली की काय सांगू.

बाई गोड हसल्या. "सो क्वाएट, युअर बेबी."

"स्लीपिंग," मी म्हटलं.

"बॉय ऑर गर्ल?"

मी म्हटलं, "बॉय." त्याच क्षणी पुष्पा म्हणाली, "गर्ल."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. पुष्पाने गाडी पुढेमागे हलवत बाळ झोपवायला घेतलं.

"हाऊ ओल्ड?"

मी तोंड उघडायच्या आत पुष्पा बोलून गेली, "फोर्टीन इंच."

बाई वर मजल्याचे आकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात पुष्पाच्या सामानाच्या पेट्या बांधायला घेतल्या.

खाली पोचलो. दार उघडलं. बाई बाहेर पडल्या, आमची गाडी निघावी म्हणून हाताने दार धरून उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्या समोरून गाडी पुढे काढली. दहा पावलं गेलो असू, मागून हाक आली.

"आंटी!"

पुष्पा जागच्या जागी थिजली. मी वळले.

बाईंनी फाइल काखेत घट्ट धरली, गोधडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "वायर आत घे, लाह. बाळाला सर्दी होईल."