मधला कागद

गादीवाल्याने दारात कापूस मोकळा केला आणि त्या वासासरशी साठ सालच्या सुमाराची आमची खानदेशातल्या रनाळ्याची ओसरी आठवली. शेतकीची पदवी घेऊन मला ऑस्ट्रेलियात शिकायचं होतं. तिथल्या एका मोठ्या विद्यापीठाला दर वर्षी पहिला वर्ग हवा होता, एका लहान विद्यापीठाला दुसराही चालत होता. माझं तिसरं वर्ष दुसऱ्या वर्गाचं, तरी मी मोठ्याचाच अर्ज भरला आणि ती गुणपत्रिका अर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध दडवली. बाजारासाठी गाडीत कापूस भरणारे वडील हात झटकत आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी नेमका मधला कागद ओढला. "याम्हा कितला मार्क शेतस?" मी मान खाली घालून सांगितलं. ते खो खो हसले. "येपारी वरना कापूस देखत नही रे, गाडीना मझार हात घालस! हाऊ कागद वर ठेव, आनि हाऊ देखीसन ज्यासले चालस, तठेच जाय." तो कागद वर ठेवून नवा अर्ज लहान विद्यापीठाला गेला आणि तिथूनच बोलावणं आलं. आता परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे अर्ज मी तपासून देतो. हात आधी मधल्या कागदाकडेच जातो, आणि कमी गुणांचा कागद कुणी आपणहून वर ठेवला असेल, तर पोरगं कापसाच्या गावचं दिसतंय म्हणून हसू येतं.