तळ्यातला खड्डा कुणाचा?

मे महिन्यात पोहायला जायचंच, हा हट्ट माझ्या मुलीचा, अन्वीचा. उमापूरच्या वाटेवरच्या एका तळ्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता: रंगीत कमान, बाकं, 'पर्यटनस्थळी स्वागत'. रविवारी सकाळी बीडहून गाडी काढली.

गेवराईपर्यंत हायवे झक्कास. पुढे हाडं खिळखिळी होतात. वाटेत सावली नाही, पाणी भरपूर घ्या. गेवराईत गरम भजी मात्र जरूर खा. तळ्यावर माणशी वीस रुपयांची पावती फाडली. आत धोक्याची पाटी नाही, दोर नाही, ट्यूब नाही.

काठावर संगीताबाई धुणं धूत होत्या. ऊसतोडीहून परवाच गावी आलेल्या. मी विचारलं, इथं खोल आहे का?

"न्हाई ओ ताई. कंबरंइतकंच पाणी हाय. आमी ल्हानपनापासून हितंच पवतो."

अन्वी चार पावलं आत गेली आणि दिसेनाशी झाली. मला पोहता येत नाही. मी नुसती किंचाळत राहिले. संगीताबाईंनी साडीसकट उडी घेतली, तिचे केस धरले आणि तिला ओढून बाहेर आणलं.

तेव्हा कुठे पावतीवाला उठून आला.

"तिकडं कशाला गेलते? उन्हाळ्याच्या तोंडाला पोकलेननं गाळ काढलाय, दोन पुरुष खोल खड्डे हायेत. मग कालव्याचं पाणी सोडलं. समद्या गावाला म्हाईत हाय!"

समद्या गावाला? अर्धं गाव तेव्हा उसाच्या फडात होतं. त्यांना कोण सांगणार होतं? एक पाटी लावायला काय हात मोडले होते?

सोमवारी घरून सरकारी कार्यालयांना फोन लावत बसले. पाणी एकाचं, काठ दुसऱ्याचा, खड्डा ठेकेदाराचा. एक साहेब तर म्हणाले, "मॅडम, पाण्यात उतरा असं आम्ही कुठं लिहिलंय?" तळपायाची आग मस्तकात गेली. पावती फाडताना बरे सगळे मालक असतात! तक्रार लेखी दिली आहे. तुम्ही गेलात तर काठावर बसूनच भाकरी खा.

संध्याकाळी संगीताबाईंचा फोन आला; निघताना त्यांनी माझा नंबर घेतला होता.

"पोरगी जेवली का? ताई, माझंच चुकलं. मी सांगितलं म्हनून ती आत गेली."

दिवसभरात 'माझं चुकलं' म्हणणारी ती एकटीच होती, आणि तिच्यामुळेच माझी मुलगी शेजारच्या खोलीत भावाशी भांडत होती.