लिंडाऊच्या धक्क्यावर

कर्करोगाचे उपचार संपले, त्याच वर्षी माझी दत्तावरची श्रद्धाही संपत आली होती. लहानपणापासून दर गुरुवारी दिवा लावणारी मी, आता तसबिरीसमोरून नुसतीच पुढे जायचे. जो तो मला जपून राहा म्हणत होता आणि त्या जपण्याचाच मला वीट आला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात मी हट्ट धरला, की बोडन तलावाकाठी तंबू ठोकून राहायचं, आपली दोन्ही कुत्री न्यायची आणि लिंडाऊ पायी बघायचं. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, समुद्रासारख्या अफाट पाण्यातल्या बेटावर वसलेलं हे जुनं गाव. ह्यांनी फार विरोध केला नाही. कार्ल्सरूहेच्या आमच्या घरून निघताना तेवढी माझ्यासाठी एक जाड गादी गाडीत टाकली.

सकाळ सुरेख गेली. रंगवलेल्या भिंतींची घरं, दगडी गल्ल्या, बंदराच्या तोंडाशी बसलेला दगडाचा सिंह. म्हातारी राणी माझ्या पायाशी आणि अवखळ टिप्या पुढे, अशी आम्ही धक्क्यावर पोचलो, तोच पलीकडच्या स्विस डोंगरांवर आभाळ काळवंडलं. काठावरचे वादळाच्या इशाऱ्याचे केशरी दिवे लुकलुकू लागले. डोक्यावरच वीज कडाडली आणि टिप्या पट्ट्यासकट माझ्या हातातून निसटला.

बेटाला लागून रेल्वेचे रूळ आहेत, पुलावर सतत गाड्या. हे स्टेशनकडे धावले. मी राणीला घेऊन गल्ल्यांत शिरले. हाका मारून माझा घसा बसला, तरी थांबायचं नाही असं ठरवलंच होतं. वर्षभर मी अशीच दात-ओठ खाऊन चालत आले होते. फिरून पुन्हा धक्क्यावर आले, तेव्हा राणीने चक्क बसकण मारली. मी तिला ओढत होते, इतक्यात बोटीची वाट बघत थांबलेल्या, पिवळा रेनकोट घातलेल्या एक आजी जवळ आल्या.

"कुठून पळाला तो?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"इथूनच."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तुम्ही इथेच बसा. घाबरलेलं जनावर जिथून पळतं, तिथेच परत येऊ बघतं. तो आला आणि तुम्ही नसलात तर?"

"पण नुसतं बसून कसं चालेल?"

"तुमचं धावून झालंय. आता थोडं त्याला येऊ द्या."

मला रडू फुटलं. अंगावरचं जाकीट फरशीवर अंथरून मी राणीला कुशीत घेऊन बसले. आजी छत्री धरून शेजारी उभ्या राहिल्या. पाऊस कोसळत होता. उठून धावावं असं सारखं वाटे आणि तेवढ्याच निर्धाराने मी बसून राही. कधी ते कळलं नाही, पण ओठांवर नाम आलं. दत्तगुरूंना म्हटलं, माझ्याने आता होत नाही, तुम्ही बघा.

पाऊस ओसरू लागला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक चिंब, चिखलाने माखलेलं कुत्रं दिसलं. मी हाक मारली नाही. टिप्या अंग चोरत आला आणि जाकिटावर पडून थरथरत राहिला.

आजींची बोट लागली होती. मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, "आधी अंग कोरडं करा," आणि निघून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. थोड्या वेळाने हे आले, उतरल्या चेहऱ्याचे. टिप्याला पाहून त्यांनी वाकून त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "अहो, बसा थोडं." आणि आम्ही चौघं त्या ओल्या फरशीवर बसून राहिलो.

त्या आजी कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. मला त्यांच्या रूपाने जे मिळालं, त्याचं ऋण मानते. आजही मी दत्ताकडे मागते, पुष्कळ मागते. मागून झालं, की आपल्या जागी बसून राहते.