सीटवर सोनीच

आमच्या पोशेरा गावच्या सोनीने ट्रॅक्टर घेतला तेव्हा निम्मा गाव हसला आणि उरलेला निम्मा चिडला. मला मात्र तिचा हेवा वाटला, सरळ सांगतो.

ट्रॅक्टर जुना, निळा रंग उडालेला. आमच्या उतारावरच्या भातखाचरांत मोठं धूड वळतच नाही, म्हणून तिने नेमका लहान निवडला. दर हिवाळ्यात ती आणि तिचा नवरा जगन दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे. तिथल्या मुकादमाच्या मागे लागून ती ट्रॅक्टर शिकली. जगन सांगतो, ट्रॅक्टर बघायला गेले तेव्हा विकणारा सगळा वेळ त्याच्याशीच बोलत होता. सोनीने मधेच बॉनेटवर हात ठेवला.

"गरम हाय. आमी येयाच्या आधी कशाला चालू केला? गरम इंजिन कोनचं बी लागतं. थंड होऊ दे, मंग लाव."

इंजिन निवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग एका चावीत ते धडधडलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की विकणाऱ्याने भाव उतरवायचं नावच घेतलं नाही.

चिखलणीची वेळ आली आणि गावदेवाची पूजा करणाऱ्या लहान्या भगताने तिला अडवलं. बाईने नांगर धरला तर पाऊस रुसतो, असं आमच्याकडे मानतात. आवणीत रोपं लावताना वाकून वाकून बायांची कंबर मोडली तरी देवाला चालतं!

"देवाला कोंबडा दे, आन सीटवर जगनला बसव," लहान्या म्हणाला.

जगनला सायकलसुद्धा धड येत नाही. "मी बसलो तं बांधच फोडीन," तो पुटपुटला.

"कोंबडा देते, बाबा," सोनी म्हणाली. "सीट नाय देणार."

दुसऱ्या दिवशी तिने भर पावसात आपली सगळी खाचरं चिखलून काढली. पाऊस रुसला नाही. रुसला गाव. आमच्याकडे आवणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे, आज तुझी तर उद्या माझी. लहान्याने बजावलं, सोनीच्या शेतात कुणी पाय ठेवायचा नाही.

ट्रॅक्टर चिखल करतो, रोपं लावत नाही. रोपं तर पिवळी पडायला लागली होती, आणखी थांबलं की वर्षाचं भात गेलंच. नवरा-बायको दिवसभर वाकून लावत होती, पण दोघांच्याने काय उरकणार? जगन थकून म्हणाला, "माफी मागून टाक."

"कशाची?" सोनी म्हणाली आणि तिने पुढची जुडी उचलली.

मग एका सकाळी प्लास्टिकच्या खोळी पांघरून बाया बांधावरून येताना दिसल्या. पुढे बुधी, खुद्द लहान्याची बायको. मागून तरातरा लहान्या. सोनी ताठ उभी राहिली. भांडायलाच आल्या, असं तिला वाटलं. शेजारच्या बांधावरून बघताना मलाही वाटलं.

बुधी बायांकडे वळली. "उभ्या काय ऱ्हायल्या? रोपं घ्या."

बाया खाचरात उतरल्या. बुधी मात्र चिखल तुडवत खाचराच्या कडेला उभ्या ट्रॅक्टरपाशी गेली, लुगडं आवरलं आणि मडगार्डला धरून वर चढली.

"खाली उतर!" लहान्या ओरडला. "देव बघतो!"

"बघू दे," बुधी सीटवर टेकत म्हणाली. "आख्खा जलम या चिखलात वाकून गेला माजा. एकदा वरतून बघू दे मला बी."